टेसरॅक्ट ७ महिने वापरून: अर्धी चूक माझ्या स्कॅनची निघाली

माझ्याकडे जुन्या पुस्तकांचे आणि टाइप केलेल्या कागदांचे ढीगभर स्कॅन पडलेत, पण सगळी नुसती चित्रं, एक शब्द शोधायचा तर पानं चाळत बसा. म्हणून ओपन सोर्स ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्याचं टेक्स्ट करून देणारं सॉफ्टवेअर, शोधायला लागले. जीओसीआर, ओक्रॅड बघितले, त्यात देवनागरीचं नावच नाही. ईझीओसीआरला मराठी येतं, पण सोबत पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीचं भलंमोठं लटांबर आणि ग्राफिक्स कार्ड नसेल तर एकेका पानाची वाट बघा. शेवटी टेसरॅक्टवर आले.

"टेसरॅक्ट भंगार आहे" असं खूप ठिकाणी वाचाल, आधी ते कधी लिहिलंय बघा. हे मूळचं एचपीचं, १९८५ ते ९४ मधलं काम, २००५ ला ओपन सोर्स झालं, नंतर गूगलने पोसलं. पण २०१८ च्या ४ व्हर्जनमधे न्यूरल नेटवर्कवालं इंजिन आलं आणि चित्र बरंच बदललं, जुन्या शिव्या बहुतेक ३ च्या आहेत. मी ५ वापरते.

पहिल्या आठवड्यात मी पण शिव्या घातल्याच. हिंदीचं मॉडेल (त्या भाषेची अक्षरं ओळखायला शिकवलेली फाइल) आधीच होतं म्हणून तेच लावलं, लिपी एकच तर आहे ना, आणि ळ आला की गाडी घसरायची. मराठीचं वेगळं मॉडेल आहे, तेच घ्या, मधेमधे इंग्रजी शब्द असतील तर दोन्ही भाषा एकत्र देता येतात. मॉडेलमधे पण फास्ट आणि बेस्ट असे प्रकार आहेत, बेस्ट हळू चालतं, मी रात्री लावून झोपते.

खरा फरक मात्र स्कॅननी पडला. मोबाइलवर काढलेले वाकडे, सावली पडलेले फोटो दिले की कचराच बाहेर येतो, तेच पान ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) सरळ स्कॅन केलं की एकदम सुधारतं. दोन पानं एकत्र स्कॅन झाली असतील तर आधी स्कॅन टेलर नावाच्या सॉफ्टवेअरमधून वेगळी करून घ्या. आणि पेज सेगमेंटेशन मोड (पानावर मजकूर कसा मांडलाय ते टेसरॅक्टला सांगणारी सेटिंग) ६ कुठेतरी वाचून सगळीकडे लावू नका, तो अख्खं पान एकच ठोकळा समजतो, माझ्या दोन कॉलमच्या पानांवर डावीकडची ओळ सरळ उजवीकडच्या ओळीत घुसली, वाचताना वेड लागायची पाळी.

आता चुका. घ-ध, थ-य, भ-म यांची अदलाबदल होते, रफार गायब होतो. "अर्ज भरण्याची तारीख"चं "अर्ज मरण्याची तारीख" झालं, आणि शब्द बरोबरच असल्याने स्पेलचेकने पण काही म्हटलं नाही! आकड्यांचं तर त्याहून वाईट, १ चा ९ झाला तर कोण पकडणार, ते मी अजून हातानेच तपासते. हस्ताक्षराचा नाद सोडा, ते याचं कामच नाही.

पीडीएफसाठी ओसीआरमायपीडीएफ नावाचं टूल लावा, आत टेसरॅक्टच चालतं पण पानावर अदृश्य टेक्स्टचा थर बसतो, पान दिसतं तसंच राहतं आणि सर्च होतं. एक गोची आहे. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या पीडीएफमधे टेक्स्ट असतं पण कॉपी केलं की गिचमिड येतं. मी "टेक्स्ट असलेली पानं सोड" हा पर्याय लावला होता, त्यामुळे नेमकी तीच पानं वगळली गेली आणि मला महिनाभर पत्ता नाही. त्यांना फोर्स ओसीआर (टेक्स्ट असलं तरी नव्याने वाच) हा पर्याय द्यायचा, फाइल फुगू शकते, पण शब्द सापडतात. कमांड लाइनची भीती वाटत असेल तर जीइमेजरीडर आहे, माऊसने चौकोन काढा आणि तेवढंच वाचून घ्या, एखाददुसऱ्या पानाला मी पण तेच उघडते.