चर्चचा लग्नपूर्व कोर्स केला, खरंच कामाचा आहे का?

सर्टिफिकेटशिवाय लग्नाची तारीख फायनल होत नाही म्हणून सगळे जातात, आम्हीपण त्यासाठीच गेलो, त्यामुळे अपेक्षा शून्य होत्या. पाचपैकी साडेतीन स्टार देते. पॅरिशचं (म्हणजे आमच्या भागातल्या चर्चचं) नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारीपण लिहिल्यात आणि त्यातलीच काही माणसं आमच्या लग्नाला जेवायला येणारेत. तसाही फॉरमॅट थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखाच असतो असं मैत्रिणी सांगतात.

आधी आमची केस सांगते म्हणजे पुढचं कळेल. मी वसईची, कॅथलिक. तो नगरचा (आता अहिल्यानगर, पण घरी सगळे नगरच म्हणतात), प्रॉटेस्टंट, आजोबा-पणजोबांपासून मराठी मंडळीतले (मंडळी म्हणजे चर्चचा समुदाय), तिकडे अमेरिकन मिशन 1831 पासून आहे. म्हणजे दोघं ख्रिस्ती, दोघांचा बाप्तिस्मा झालेला, आणि प्रॉटेस्टंट बाप्तिस्मा आमचं चर्च मानतं, तरी कागदावर आम्ही 'मिश्र विवाह'. त्याला बिशपची परवानगी लागते. बाप्तिस्म्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला, मग कन्फर्मेशनचा (बाप्तिस्म्यानंतरच्या संस्काराचा) दाखला, मग फादरसमोर वेगवेगळं बसून प्रश्नोत्तरं, मग बॅन्स, म्हणजे चर्चमध्ये नावं वाचणार आणि कोणाला काही हरकत असेल तर सांगा म्हणणार. ही सगळी धावपळ चालू असताना वर हा कोर्स, म्हणून जाताना दोघांचीही तोंडं वाकडी होती. त्यात तो आदल्या रात्रीच्या गाडीने आलेला, झोप नाही.

हॉलमध्ये जोडप्यांना शेजारी शेजारी बसवतात. सुरुवात प्रार्थना आणि गाण्याने, मग दिवसभर सेशन्स. फी जास्त नाही आणि त्यात चहा, नाश्ता, जेवण सगळं येतं.

पहिलं सेशन प्रेमावर होतं आणि खरं सांगू, तेच सगळ्यात फिकं निघालं. करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय, प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे, हे आम्ही प्रत्येक लग्नात ऐकतो, अर्ध्या पत्रिकांवर छापलेलं असतं. वक्त्यांनी ते पुन्हा वाचलं, मग एक व्हिडिओ लावला ज्याचा आवाजच येत नव्हता, दोन मुलं उठून वायर हलवत बसली, आणि मग मोबाईलमुळे संसार कसे मोडतात यावर इतका वेळ बोलले की मागच्या रांगेतले सगळे मोबाईलमध्येच होते. पोप फ्रान्सिस यांनी 2016 साली कुटुंबावर जो मोठा दस्तऐवज काढला त्यात याच अध्यायाचा एकेक शब्द घेऊन घरातल्या रोजच्या गोष्टींशी जोडलाय, म्हणजे मटेरियल हाताशी होतं, वापरलं नाही. असो.

चहानंतर मात्र गाडी रुळावर आली. एक काका-काकी आले, लग्नाला तीसेक वर्षं झालेली, मॅरेज एन्काउंटर चळवळीतले. ही चळवळ स्पेनमधली, फादर गॅब्रिएल काल्वो यांनी 1962 मध्ये बार्सिलोनाला जोडप्यांचं पहिलं शिबिर घेतलं तिथून सुरू झालेली. त्यांचा सगळा भर एका सवयीवर: रोज एक प्रश्न घ्यायचा, दहा मिनिटं दोघांनी वेगवेगळं बसून वहीत लिहायचं, मग वह्या बदलायच्या, वाचायचं आणि दहा मिनिटं त्यावर बोलायचं. बास. कंटाळा असो, पाहुणे असोत, भांडण झालेलं असो, वीस मिनिटं काढायचीच.

मला वाटलं हे काय शाळेसारखं. मग काकींनी त्यांची जुनी वही काढली, कव्हर निघालेली, आणि त्यातलं एक पान वाचलं. कामावरून आल्यावर तू आधी आईला विचारतोस जेवलीस का, मला कधीच विचारत नाहीस, असं काहीतरी होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातलं. हॉलमध्ये हशा पिकला पण काकांचे कान लाल झाले, इतक्या वर्षांनी! आणि ते म्हणाले, हे मला तोंडावर बोलली असती तर मी आईची बाजू घेऊन भांडलो असतो, कागदावर होतं म्हणून गप बसून वाचलं. त्या दिवसभरात मला सगळ्यात पटलेली गोष्ट हीच.

मग आम्हालाही वह्या दिल्या. प्रश्न होता पैशाबद्दल बोलताना मला कशाची भीती वाटते. आता आम्ही एकमेकांना बऱ्यापैकी वर्षं ओळखतो, पगार किती हेही माहीत, तरी त्याने लिहिलेलं वाचून मी गार. बहिणीच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता अजून काही वर्षं मीच भरणार आहे आणि हे सांगितलं तर तुझ्या घरचे काय म्हणतील म्हणून बोललो नाही, असं त्याचं. मी लिहिलेलं की नगरला शिफ्ट व्हायला सांगशील आणि माझी नोकरी जाईल. दहा मिनिटं कुठे पुरतात, जेवायच्या सुट्टीतही आमचं तेच चालू होतं, जेवण काय होतं नीट आठवतही नाही (चांगलं होतं म्हणे).

दुपारी फादरांचं भांडणाच्या नियमांवर सेशन. हो, असं खरंच सेशन असतं. भांडण व्हॉट्सअॅपवर करायचं नाही. भांडणात समोरच्याच्या आईवडिलांचं नाव काढायचं नाही. जुनी भांडणं उकरायची नाहीत. आणि झोपायच्या आधी मिटवायचं, इफिसकरांच्या पत्रात पौल म्हणतो तसं सूर्य मावळायच्या आत राग सोडायचा. 14 फेब्रुवारी 2014 ला पोप फ्रान्सिस यांनी सेंट पीटर्स चौकात लग्न ठरलेल्या जोडप्यांना बोलावलेलं, तिथे त्यांनी सांगितलेले तीन शब्द फादरांनी फळ्यावर लिहिले: प्लीज, थँक्यू, सॉरी. मागून कोणीतरी म्हणालं, फादर आपल्याकडे बायकोला थँक्यू म्हटलं तर ती विचारते काय लपवतोयस. फादर पण हसले, पण मुद्दा सोडला नाही. म्हणाले लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात) चाळीस दिवस मटण सोडता येतं, दारू सोडता येते, तर घरात आवाज चढवणं का सोडता येऊ नये. आपल्याकडे शिस्त म्हटलं की उपवास, रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि रोझरी (माळेवरची प्रार्थना) एवढंच डोक्यात येतं, ती भांडणाला लावलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

याच सेशनला थोडी ठिणगीही उडाली. इफिसकरांचा पाचवा अध्याय निघाला, पत्नींनो पतीच्या अधीन असा वगैरे, आणि पुढच्या रांगेतल्या एका मुलीने सरळ विचारलं की हे आम्हालाच का. त्यावर त्या काकींनीच सगळ्यांना मोबाईलवर बायबल उघडायला लावलं आणि म्हणाल्या बावीसावी ओवी राहू द्या, आधी एकविसावी वाचा. तिथे दोघांनी एकमेकांच्या अधीन असावं असं आहे. आणि पुढे नवऱ्याला सांगितलंय की ख्रिस्ताने मंडळीसाठी जीव दिला तशी प्रीती कर. लग्नात वाचन बहुतेक वेळा बावीसपासून उचलतात म्हणे! आमच्या वाचनात एकविसावी घ्यायची हे तिथेच ठरलं.

कुटुंब नियोजनाच्या सेशनला मी तयारीतच बसले होते की आता लेक्चर मिळणार. चर्चची भूमिका 1968 पासून तीच आहे, कृत्रिम साधनं नकोत, नैसर्गिक पद्धत वापरा. एका नर्सबाईंनी बिलिंग्स पद्धत शिकवली, ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टर नवरा-बायकोने काढलेली. मी अनियमित पाळीचं विचारलं तर म्हणाल्या ही कॅलेंडर मोजायची पद्धत नाही, रोजची लक्षणं बघून चार्ट भरायचा, आणि चार्ट नवऱ्याने भरायचा. हे ऐकून मुलांच्या बाजूला एकदम शांतता! पण नवऱ्याला रोज विचारावं लागणार, लक्षात ठेवावं लागणार, नको त्या दिवशी थांबावं लागणार, हे मला आवडलं. पद्धत सगळ्यांना जमेल का हा वेगळा प्रश्न, ज्यांच्या तब्येतीचा विषय आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलावंच, तासाभराच्या सेशनवर कोणी विसंबू नये. बाईंनीपण हेच सांगितलं, ते बरं केलं.

कायद्याचं सेशन मात्र अक्षरशः गुंडाळलं. वकील चांगले होते पण वेळच उरला नाही. मला हवं होतं तेच घाईत गेलं: आपलं लग्न 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली नोंदतात, घटस्फोटाचा कायदा 1869 चा आहे आणि परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय त्यात 2001 च्या दुरुस्तीने आली. चर्चच्या कोर्टाने लग्न मुळातच वैध नव्हतं असं ठरवलं तरी सरकारी कोर्टात वेगळं जावंच लागतं. लग्नाच्या तोंडावर हे कोणाला ऐकायचं नसतं हे मान्य, पण दहा मिनिटं? मोबाईलच्या लेक्चरमधली वेळ इकडे दिली असती तर चाललं नसतं का.

मिश्र विवाहवाल्यांसाठी फादर शेवटी वेगळे बसले, त्याचे पूर्ण मार्क. काही गोडगोड बोलले नाहीत. मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा देण्यासाठी जमेल तेवढं सगळं करीन असं वचन मला द्यायचंय, त्याला फक्त याची माहिती द्यायची असते, त्याच्याकडून सही-वचन घेत नाहीत. आणि मिस्सासकट लग्न लावलं तर त्याच्याकडचे जवळजवळ कोणीच कम्युनियन (मिस्सात देतात ती पवित्र भाकर) घेऊ शकणार नाहीत, स्वतः नवरदेवसुद्धा, तेव्हा मिस्साशिवाय, फक्त बायबलवाचन आणि प्रार्थनेचा वचनविधी करून लग्न लावायचा विचार करा. माझ्या आईला हे अजून पचलेलं नाही, मिस्सा नाही म्हणजे लग्न झालंच नाही असं तिला वाटतं. पण घरी फोनवर सासूबाईंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मग निदान एक गाणं आमच्या पाळकसाहेबांना म्हणू द्या. फादर हो म्हणालेत.

आता कामाचं. तारीख ठरली की लगेच नाव नोंदवा, सीझनच्या आधी जागा भरतात. दोघांनी एकत्रच करा, वेगवेगळ्या पॅरिशला करून सर्टिफिकेट जोडणारे असतात, त्यात अर्धा फायदा गेला. वही-पेन घरून न्या, तिथली पेनं चालत नाहीत. नाश्त्याची इडली गार असते.

दीड स्टार कापला तो व्हिडिओ आणि कायद्यासाठी, आणि एका मोठ्या कारणासाठी. दिवसभर नवरा-बायको, नवरा-बायको, पण आपल्याकडे लग्न झाल्यावर किती जोडपी एकटी राहतात? वाडीतलं घर, दीर, सासू, स्वयंपाकघर एक, आणि त्यावर एकही सेशन नाही. शेवटी फीडबॅक फॉर्म दिला त्यात आम्ही दोघांनी, एकमेकांना न विचारता, तेच लिहिलं: सासू-सासऱ्यांवर सेशन ठेवा, आणि त्याला त्यांनाच बोलवा.