सिद्धेश्वर, आडनाव की धोटा?

मित्राचा मुलगा नॅपकिन आणि बाळांच्या टॉवेलचा धंदा सुरू करतोय. माल एमआयडीसीतून विणून घ्यायचा, शिलाई-पॅकिंग घरी. परवा वहीचं पान घेऊन आला, त्यावर चौदा नावं. "काका, तुम्ही यातून गेलाय. कुठलं ठेवू?" नावं चौदा असली तरी तऱ्हा चारच होत्या: देवाचं, गावाचं, आडनावाचं आणि मनाने काढलेलं. त्याला सांगितलं तेच इथे लिहितोय. मी टॉवेलवाला आहे, वकील नाही, एवढं धरून वाचा.

सोलापुरात कुणालाही झोपेतून उठवून नाव विचारा, तो सिद्धेश्वरच म्हणेल. साखर कारखाना त्याच नावाचा, मुंबईची रात्रीची गाडी त्याच नावाची. आमची पहिली पाटीही तीच होती. आईने ठरवलं, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत नारळ फोडला. या नावाचा फायदा मी नाकारणार नाही. पहिल्या दिवसापासून माणूस परका वाटत नाही. गाळा भाड्याने घेताना मालकाने पाटीचं नाव विचारलं आणि पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत.

तिसऱ्या वर्षी लातूरहून एक गाठ परत आली. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, आमचं नाव, आमचा पत्ता. गोणपाट उसवलं तर आत मरून रंगाचे टॉवेल, धुतल्यावर रंग गेलेले, आणि त्या रंगाने शेजारची पांढरी घडीही गुलाबी झालेली. मी काठ उलटून बघितला. आमच्या काठाला दुहेरी टीप असते, याला एकेरी. माल आमचा नव्हताच. लातूरच्या दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "बिलावर सिद्धेश्वरच आहे ना ओ?" होतं खरं. तो दोन सिद्धेश्वरांकडून माल घ्यायचा आणि त्याच्या मुनिमाला आम्ही दोघं एकच. आधीचं बिल अडकलं ते दीड महिना. भांडायचं कुणाशी? दुसरा सिद्धेश्वर माझ्या आधीपासून धंद्यात होता, नावावर हक्क असलाच तर त्याचा जास्त. पुढे ऑनलाइन पैसेही एकदा तिसऱ्याच सिद्धेश्वराच्या खात्यात गेले. त्या भल्या माणसाने परत केले, पण आता पाटी बदलायची हे लातूरच्या गाठीनेच ठरवलं होतं.

कायद्यानेही इथे फार हाती लागत नाही. 'रामायण' नावाच्या उदबत्तीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१५ साली न्यायालयाने सांगितलं की धर्मग्रंथाच्या नावावर एकट्याचा हक्क सांगता येणार नाही. देवाच्या नावाचं प्रत्येक प्रकरण याच मापाने मोजतील असं नाही, पण मला इशारा पुरला.

'सोलापुरी' अमुकतमुक हे थोडक्यात आटोपतो. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे तो शब्द सगळ्या गावाच्या मालकीचा. शिवाय १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात नुसतं गावाचं किंवा मालाचं वर्णन करणारं नाव सहसा नोंदलं जात नाही. लेबलवर खाली 'सोलापूर' जरूर लिहा, पण नाव म्हणून ते दुसऱ्याच्या ओट्यावर दुकान मांडल्यासारखं होतं.

आडनावाबद्दल मन अजून द्विधा आहे. जुन्या पेठेत आडनावालाच पत असते. "अमक्यांकडचा टॉवेल" म्हटलं की जबाबदार माणूस डोळ्यांपुढे येतो, रंग गेला तर कुणाच्या दारात जायचं ते कळतं. पण त्याच आडनावाचा दुसरा माणूस प्रामाणिकपणे स्वतःच्या नावाने धंदा करत असेल तर कायदा त्याला अडवत नाही. आणि भाऊ वेगळे झाले की पाटी कुणाकडे, हा प्रश्न हमखास येतो. एकुलते एक असाल तर जरूर विचार करा. आम्ही तिघं भाऊ.

शेवटी आम्ही 'धोटा' ठेवलं. मागावर इकडून तिकडे धावतो तो धोटा. आता शटललेस मागांवर तो नसतोच, त्यामुळे तरुण गिऱ्हाईक विचारतं, म्हणजे काय ओ? तेवढ्यात दोन मिनिटं बोलणं होतं. तोटेही सांगतो. फोनवर निम्मे लोक 'घोटा' ऐकतात, इंग्रजीत लिहिलं की काहीजण 'धोता' वाचतात, आणि पहिलं वर्षभर आई पाटीकडे बघायची नाही. पण त्यानंतर दुसऱ्याची गाठ माझ्या दारात आलेली नाही. माझ्यापुरता हिशेब तिथे मिटतो. तुमचा माल गल्लीतच खपणार असेल तर कदाचित देवाचं नावच बरं पडेल.

एक गैरसमज मात्र मोडायला हवा. गुमास्ता, उद्यम, जीएसटी यांवर नाव आलं म्हणजे ते आपलं झालं असं नाही. त्या कागदांनी धंदा नोंदला जातो, नावाची मालकी मिळत नाही. त्यासाठी ट्रेडमार्क. टॉवेल-नॅपकिन वर्ग २४ मध्ये येतात, आधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट शोधून बघता येतं. अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापला की चार महिने हरकतीसाठी खुला असतो, नोंदणी दहा वर्षांची आणि पुढे वाढवता येते. इंग्रजी नाव ठेवणाऱ्यांनी ते आधी देवनागरीत लिहून बघावं, कारण पाटीवर मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. पोराच्या पानावरची दोन नावं तिथेच गळाली.

मग त्याला म्हणालो, खाली रिक्षास्टँडवर जा, तिथून फोन कर आणि उरलेली बारा नावं एकेकदाच सांग. मी पेन घेऊन बसलो. तीन बरोबर लिहिली गेली. त्यात त्याचं लाडकं नाव नव्हतं. त्याच्या आईने सुचवलेलं होतं, जे त्याने पानाच्या अगदी खाली, पेन्सिलीने लिहिलं होतं.