हंपीत एकच दिवस असेल तर: देवळांची बाजू की राजवाड्यांची?

हंपीजवळच्या होसपेट गावाहून रिक्षा ठरवली की 'सगळी हंपी एका दिवसात' असा सौदा होतो. तो घेऊ नका. वीस-पंचवीस ठिकाणी दहा-दहा मिनिटं उतरायचं, फोटो काढायचे, पुन्हा रिक्षात बसायचं, आणि संध्याकाळी कुठलं गोपुर कुठल्या देवळाचं हे फोटो बघूनही सांगता येत नाही. विजयनगरच्या या राजधानीचे अवशेष सरळ दोन भागांत पडतात. तुंगभद्रेच्या काठाने विरूपाक्ष ते विठ्ठल हा देवळांचा पट्टा, आणि दक्षिणेला कमलापूरच्या बाजूला राजवाड्यांचा परिसर. दोन दिवस असतील तर प्रश्नच नाही. एकच असेल तर एक बाजू नीट बघावी, दुसरीतलं एखादं ठिकाण जोडून घ्यावं.

दोन्हीकडचा अनुभव इतका वेगळा का, याचं उत्तर बांधकामात आहे. देवळं खालपासून बरीच वरपर्यंत ग्रॅनाइटची, शिखरं आणि गोपुरांचे माथे विटा-चुन्याचे. 1565 मध्ये दख्खनच्या सुलतानांशी झालेल्या लढाईनंतर शहर लुटलं गेलं, जाळलं गेलं, तरी दगड उभा राहिला. राजवाड्यांची फक्त जोती दगडी होती, वरचे खांब, तक्तपोशी, छप्पर लाकडाचं. ते गेलं. त्यामुळे देवळाच्या मंडपात उभं राहिलं की वास्तू आपोआप कळते, आणि राजवाड्यात उभं राहिलं की समोर दिसतो गुडघाभर उंचीचा चौथरा. दरबारमंडपात दहा ओळींत दहा अशा शंभर खांबांच्या खुणा आहेत आणि शेजारी वरच्या मजल्याकडे चढणारा दगडी जिना आहे, वरचा मजला मात्र नाही. हे वाचता येत असेल तर राजवाड्यांची बाजू फार गुंगवते. नसेल तर उन्हातली पायपीट वाटते.

देवळांच्या बाजूचा खरा मार्ग पायी आहे. विरूपाक्षाचं पूर्वेचं गोपुर सुमारे 50 मीटर उंच, आतला रंगमंडप कृष्णदेवरायाने 1510 मध्ये राज्याभिषेकाच्या निमित्ताने बांधलेला. त्याच्या छतावरची चित्रं मान दुखेपर्यंत बघावीत अशी आहेत. देवळात पूजा चालू असते, चपला बाहेर काढाव्या लागतात, आणि अकरानंतर फरशी एवढी तापते की अनवाणी माणूस चित्रं सोडून सावली शोधतो. म्हणून इथे सकाळी लवकर. समोरचा रुंद बाजाररस्ता पूर्वेला एकाश्म नंदीपर्यंत जातो. जुन्या प्रवासवर्णनांत या रस्त्याच्या दुतर्फा दुकानं आणि घरं दिसतात, ती 2011 मध्ये हलवली. तेव्हा चहा-नाश्ता देवळाच्या मागच्या वस्तीतच उरकून निघावं.

नंदीच्या अलीकडून डावीकडची वाट नदीकाठाने कोदंडरामाच्या देवळाकडे आणि पुढे विठ्ठल मंदिराकडे जाते. साधारण दोन किलोमीटर, रमतगमत दीड तास. वाटेत उजवीकडे वळलं की अच्युतरायाचं देऊळ आणि त्याच्यासमोरचा ओसाड बाजार. इथे गर्दी नसते, आणि विस्ताराच्या मानाने हे देऊळ विठ्ठल मंदिराइतकंच ऐटदार आहे. नदीकाठी दुकान नाही, सावली तुटक, त्यामुळे माणशी दोन लिटर पाणी हवंच. पावसाळ्यात होसपेटच्या धरणातून पाणी सोडलं की काठावरचा पुरंदरमंडप बुडतो, टोपलीच्या नावा बंद होतात आणि खालची वाट घसरडी होते. त्या दिवसांत अच्युतरायाच्या बाजूची वरची वाट धरावी.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे स्वतःची गाडी विरूपाक्षापाशी लावून विठ्ठल मंदिरापर्यंत चालत जाणं. मग तेवढंच परत चालावं लागतं, तेही भर उन्हात. गाडीरस्ता कमलापूर, तळारीघट्टा असा वळसा घालून येतो, आठ-नऊ किलोमीटरचा. त्यामुळे रिक्षावाल्याला सांगून ठेवावं: 'विरूपाक्षाला सोडा, विठ्ठलच्या पार्किंगला थांबा.' पार्किंगपासून मंदिरापर्यंतच्या एक किलोमीटरला बॅटरीवरच्या गाड्या आहेत. सुट्टीच्या दिवशी त्यांची रांग पायी जाण्याइतकाच वेळ खाते.

विठ्ठल मंदिरातला दगडी रथ सगळ्यांना पन्नासच्या नोटेवरून ओळखीचा असतो. तो रथ म्हणजे खरं तर गरुडाचं देऊळ. पुढे जोडलेले हत्ती मागाहून आणून बसवलेले दिसतात: त्यांच्या मागे नीट पाहिलं तर मूळच्या घोड्यांचे मागचे पाय आणि शेपट्या अजून आहेत. रथावर पूर्वी विटांचं शिखरही होतं, 1856 च्या छायाचित्रात ते दिसतं. महामंडपातले नाद काढणारे 56 खांब प्रसिद्ध आहेत. एका मुख्य खांबाभोवती बारीक खांब, सगळे एकाच शिळेतून कोरलेले. त्यांवर टकटक करायला बंदी आहे आणि ती रास्त आहे, कारण अशा ठोकण्यानेच ते झिजले. गाभारा रिकामा आहे. वारकरी परंपरेत सांगतात की पंढरीची मूर्ती विजयनगरला नेली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली. इतिहास म्हणून ते सिद्ध करता येत नाही, पण मराठी माणूस त्या रिकाम्या गाभाऱ्यापुढे दोन मिनिटं जास्त थांबतो हे खरं.

राजवाड्यांच्या बाजूला अंतरं कमी आणि रस्ता दारापर्यंत. गुडघे दुखणारे आई-वडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर हीच बाजू घ्यावी, त्यात काही कमीपणा नाही. फक्त सुरुवात कमलापूरच्या पुरातत्त्व संग्रहालयापासून करावी. तिथे सगळ्या परिसराची मोठी प्रतिकृती मांडली आहे. ती अर्धा तास पाहिली की पुढचे चौथरे बोलू लागतात. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं. शुक्रवारीच आलात तर सरळ देवळांची बाजू निवडा. तिकिटाचंही लक्षात ठेवा: विठ्ठल मंदिर, कमलमहालाचं आवार आणि संग्रहालय यांना त्याच दिवसापुरतं एकच तिकीट चालतं, ते फेकू नये. पाच-साडेपाचच्या सुमारास ही ठिकाणं बंद होतात.

इथे वेळ द्यावा तो दोन जागांना. पहिली हजारराम मंदिर, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं. आवाराच्या भिंतीच्या बाहेरून हत्ती, घोडे, सैनिक आणि नाचणाऱ्या बायका यांच्या मिरवणुकीच्या ओळी आहेत, आत रामायण. बहुतेक लोक थेट आत शिरतात आणि बाहेरची भिंत बघतच नाहीत. आतल्या मंडपात चकाकी दिलेले काळ्या दगडाचे चार खांब आहेत, आजूबाजूच्या करड्या ग्रॅनाइटमध्ये ते एकदम वेगळे दिसतात. दुसरी जागा महानवमी दिब्बा, नवरात्रोत्सवाचा सुमारे आठ मीटर उंच चौथरा, आणि त्याच्याजवळची पायऱ्यांची पुष्करणी. पुष्करणीच्या काळसर दगडांवर जुळणीच्या खुणा कोरलेल्या दिसतात. दगड दुसरीकडे घडवून, खुणांप्रमाणे इथे बसवले. पाणी आणणारी दगडी पन्हळही शेजारीच उभी आहे.

कमलमहाल, अकरा खणांची हत्तीशाळा आणि राणीचं स्नानगृह देखणी आहेत, पण पटकन बघून होतात. चुनेगच्चीच्या कमानी सुलतानी धाटणीच्या, कमलमहालावरची शिखरं मात्र देवळासारखी. 'राणीवसा' वगैरे नावं नंतरची, त्यांवर फार विसंबू नये. महालांच्या थाटापेक्षा रस्त्याकडेच्या भोजनशाळेतल्या दगडात कोरलेल्या ताटांच्या रांगा आणि मधून गेलेला पाण्याचा पाट जास्त लक्षात राहतो.

चालण्याची तयारी असेल, नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे दिवस असतील, तर आमचा कौल देवळांच्या बाजूला, आणि परतीच्या वाटेवर हजारराम व दिब्बा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा नदीकाठचा पायी मार्ग दहाच्या आत संपत नसेल तर सोडून द्यावा. वास्तुकलेचा किंवा उत्खननाचा नाद असलेल्याने मात्र खुशाल उलटं करावं: पूर्ण दिवस राजवाड्यांना, आणि सकाळी तेवढं विरूपाक्ष.

सूर्यास्त कुठून, हा शेवटचा वाद. मातंग टेकडीवरून सगळा परिसर दिसतो, पण उतरताना शिळा, तुटक्या पायऱ्या आणि अंधार, दिवा कुठेच नाही. हेमकूट बुटकी आहे, चढ सोपा, वर जुनी छोटी देवळं आणि पायथ्याला गोपुर. माकडं पिशव्या हिसकावतात, केळी वर नेऊ नका.