हायड्रॉलिक क्लचचे दोन्ही सिलिंडर बदलले, १० महिन्यांनंतरचा अनुभव

क्लच पेडलजवळचा वरचा मास्टर सिलिंडर आणि गिअरबॉक्सजवळचा खालचा स्लेव्ह सिलिंडर, दोन्ही बदलून आता १० महिने झाले, त्यानंतर गाडी साधारण ११ हजार किमी चालली. काम झाल्या झाल्या लिहिलं असतं तर नुसतं मस्त झालं एवढंच लिहिलं असतं, म्हणून मुद्दाम थांबलो होतो.

सुरुवात अशी झाली की सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना रिव्हर्स टाकला की करकर आवाज यायचा, पुढचे गिअर पडायचे पण अडकत अडकत. मग आठवड्याभरात सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच पूर्ण दाबून उभं राहिलं तरी गाडी हळूच पुढे सरकायला लागली. पेडल दोनतीनदा भराभर मारलं की पुन्हा ठीक. एका गराजमध्ये नेली तर त्यांनी बॉनेट पण न उघडता सांगितलं की क्लचप्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवून पूर्ण किट टाकावं लागेल. मी जवळजवळ हो म्हणून टाकलं होतं.

पण घरी येऊन शांतपणे विचार केला तर ते पटेना. प्लेट झिजली की क्लच घसरतो, म्हणजे चढावर एक्सलेटर दिला की इंजिनचा आवाज वाढतो, आरपीएम चढतात पण गाडी त्या मानाने पळत नाही. माझं बरोबर उलटं होतं, पकड एकदम घट्ट पण दाबल्यावर क्लच नीट सुटत नव्हता. इंजिन बंद ठेवून गिअर टाकून बघितले तर सगळे लोण्यासारखे पडले, इंजिन चालू केलं की तेच अडकणं आणि रिव्हर्सला करकर. म्हणजे गिअरबॉक्स ठीक आहे, प्लेट पूर्ण मोकळी होत नाहीये. ही टेस्ट करायला दोन मिनिटं लागतात आणि कुणीही करू शकतं, किट टाकायला हो म्हणायच्या आधी कृपया करून बघा.

आता हे असं का होतं ते सांगतो, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. पेडल दाबलं की एक रॉड मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलतो, तिथलं ऑइल पाइपातून खाली स्लेव्हमध्ये जातं, स्लेव्हचा पिस्टन फोर्कला (एक लिव्हर) ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला आणि बेअरिंग डायफ्रॅम स्प्रिंगच्या पाकळ्यांना, हीच स्प्रिंग प्रेशर प्लेटला क्लचप्लेटवर दाबून धरते. समजा मास्टरचा बोअर (आतला व्यास) १६ मिमी आणि स्लेव्हचा २० मिमी असेल तर जोर साधारण दीडपट मिळतो, पण मग स्लेव्ह हलतो मास्टरच्या जेमतेम दोन तृतीयांश. पेडलपासून पुढे प्रत्येक टप्प्यावर असा जोर वाढत जातो आणि हालचाल कमी होत जाते, शेवटी प्रेशर प्लेट उचलली जाते फक्त दीड-दोन मिमी. एवढ्याशा उचलण्यावर सगळा खेळ. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, त्यामुळे पाइपात थोडी जरी हवा राहिली किंवा सीलमधून थोडं जरी ऑइल मागे गेलं तरी ते दीड-दोन मिमी पुरे पडत नाहीत आणि प्लेट घासत राहते.

मग दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी आधी ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं, आत ऑइल नाही काळं पाणीच, रबराचा गाळ. स्लेव्हचं रबरी बूट बाजूला केलं तर आत ओलं. मास्टर मात्र बाहेरून कोरडा, तरी पेडल दाबून धरलं की पाय सावकाश खाली बसत जायचा, म्हणजे आतल्या सीलला बायपास होत होता. यात ऑइल बाहेर गळत नाही, फिरून डबीकडेच जातं, त्यामुळे नुसती लेव्हल बघून काही कळत नाही. एकच बदलू का असं मी विचारलं, ते म्हणाले दोन्ही सील एकाच वयाचे आहेत, एक नवा टाकला की दुसरा थोड्या दिवसांत मान टाकतो. मला ते पटलं. माझ्या गाडीत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या बाहेर आहे म्हणून सोपं गेलं, ज्यांच्यात तो आत बेअरिंगभोवती बसवलेला असतो त्यांना गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, अशा वेळी प्लेट, प्रेशर प्लेट आणि तो सिलिंडर एकत्रच बदललेला बरा.

नवे सिलिंडर बसवल्यावर पाइपातली हवा काढताना खूप वेळ गेला. नेहमीसारखं पेडल दाबा, स्लेव्हवरचं हवा काढायचं निप्पल सोडा, बंद करा, पेडल हाताने वर घ्या, असं वीसेक वेळा केलं तरी पेडल स्पंजासारखंच. हवा वर चढते आणि आपण तिला खाली ढकलत असतो. शेवटी खालच्या निप्पलमधून सिरिंजने नवीन ऑइल हळूहळू वर चढवलं तेव्हा डबीत बुडबुडे आले आणि दहा मिनिटांत पेडल कडक.

ऑइल डॉट ४ (ब्रेक ऑइलचाच एक प्रकार) टाकलं, झाकणावर तेच लिहिलंय. काही गाड्यांत मिनरल ऑइल लागतं, तिथे ब्रेक ऑइल टाकलं की सील फुगतात आणि इकडे इंजिन ऑइल टाकलं तरी तेच, त्यामुळे झाकण वाचल्याशिवाय थेंबही टाकू नका. आणि हे ऑइल बॉडीच्या रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग उचलतं.

आता १० महिन्यांचा हिशोब. रिव्हर्सची करकर पूर्ण गेली, थंड गाडीतसुद्धा. क्लच रोज त्याच जागी सुटतो, आधी ती जागा वरखाली व्हायची आणि ट्रॅफिकमध्ये पाय कायम अंदाज घेत बसायचा, तो ताण गेला हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा फायदा. पेडल हलकं मात्र झालं नाही, कारण जडपणा प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगचा आहे आणि ती जुनीच आहे, तेव्हा तेवढ्यासाठी सिलिंडर बदलणार असाल तर नका बदलू. दुसऱ्या महिन्यात एकदा पाइपाच्या जॉइंटला ओल दिसली, नट पाव फेरा आवळला, नंतर कोरडं.

माझ्या गाडीत क्लचची डबी वेगळी आहे आणि तिची लेव्हल या काळात अगदी किंचित वर आलीये. आधी मी घाबरलो. पण प्लेट झिजते तशा पाकळ्या मागे येतात आणि स्लेव्हचा पिस्टन आत ढकलतात, तेवढं ऑइल वर जातं. ब्रेकचं उलटं, पॅड झिजले की लेव्हल उतरते. म्हणून डबी गळ्यापर्यंत भरत नाही, खुणेच्या थोडी खालीच ठेवतो. गेल्या रविवारी पुन्हा बघितलं, रंग फिका मधासारखा, गाळ नाही. हे ऑइल हवेतलं पाणी ओढत राहतं, त्यामुळे दोन वर्षं झाली की दिसायला कितीही चांगलं असो, बदलून टाकणार आहे, तारीख डबीजवळ स्टिकरवर लिहून ठेवलीये.