तीस वर्षांनीही लोक लावून बघतील असे आत्ताचे मराठी पिक्चर

क्लासिक हा शब्द आपण लईच स्वस्त करून टाकलाय. शुक्रवारी पिक्चर लागतो आणि शनिवारी सकाळी कुणीतरी 'मराठीतला माइलस्टोन' म्हणून पोस्ट टाकून मोकळा. माझी कसोटी एकदम साधी आहे, शेवट माहीत असताना पिक्चर परत लावावासा वाटतो का? 'अशी ही बनवाबनवी' 1988 चा, त्यातला प्रत्येक डायलॉग पाठ असलेली माणसं आजही टीव्हीवर लागला की रिमोट खाली ठेवतात, आणि त्याला असं अजरामर केलं ते समीक्षकांनी नाही, टीव्हीवरच्या रिपीटनी. तर त्याच मापाने गेल्या दहा-बारा वर्षांतले पिक्चर तपासतोय, पटलं तर घ्या.

पहिला नंबर डोळे झाकून 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेचा, व्हेनिसला 2014 साली दोन बक्षिसं, मग सुवर्णकमळ, मग भारताकडून ऑस्करला पाठवला, हे सगळं झालंच पण ते सोडा. एका म्हाताऱ्या लोकशाहिरावर केस आहे की त्याच्या गाण्यामुळे म्हणे एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, आणि ही केस नुसती चालत राहते, तारीख पे तारीख, आणि एकदा तर जज साहेब एका बाईने स्लीव्हलेस घातलाय म्हणून तिची केसच घेत नाहीत. पहिल्यांदा बघताना मला राग आला होता तो त्या सरकारी वकीलबाईंचा, गीतांजली कुलकर्णी, शाहिराला आत ठेवायला कलमं धडाधडा वाचून दाखवतात. दुसऱ्यांदा बघताना लक्षात येतं की याच बाई लोकलने घरी जाताना शेजारणीशी स्वयंपाकपाण्याच्या गप्पा मारतायत, मुलाला आणतायत, घरी जाऊन कुकर लावतायत, म्हणजे आपल्याच सोसायटीतल्या काकू की हो! व्हिलन म्हणून कुणाला पकडायचं हेच कळत नाही. आणि तो कोर्टरूम रिकामा होण्याचा शॉट, सुट्टी लागते, माणसं निघून जातात, एकेक दिवा बंद होतो, कॅमेरा मात्र जागचा हलत नाही. वाटतं पिक्चर संपला. संपलेला नसतो, पुढे जज साहेबांची सहल आहे आणि त्यात एक चापट आहे, बस, जास्त सांगत नाही. शाहिराचं काम करणारे वीरा साथीदार 2021 मध्ये कोरोनात गेले, त्यांचा नारायण कांबळे मात्र कुठे जात नाही. काहींना स्लो वाटतो, मान्य, झोप येत असताना लावू नका.

आता शिव्या खायचा मुद्दा. नागराज मंजुळेचा 'सैराट' की त्याचाच 'फँड्री'? मी 'फँड्री'वाला. 'सैराट'ने शंभर कोटी केले, झिंगाटवर अख्खा महाराष्ट्र नाचला, रिंकूची आर्ची बुलेट चालवत आली तेव्हा थिएटरात शिट्ट्या थांबत नव्हत्या, आणि तो शेवटचा बिनआवाजाचा सीन, बाळाची रक्ताची पावलं, तो कुणीच विसरणार नाही. पण खरं सांगा, तो शेवट माहीत झाल्यावर किती जणांनी पिक्चर परत पूर्ण बघितला? माझ्या ओळखीतले निम्मे लोक दोघं पळून हैदराबादला पोचले की बंद करतात. 'सैराट' इतिहासात राहणारच, त्यात वाद नाही, पण लोकांच्या घरात गाण्यांच्या रूपाने जास्त राहील असं माझं मत.

'फँड्री'चं उलट आहे. दलित घरातला जब्या, त्याला आवडणारी शालू, तिच्यासाठी तो शोधत फिरतो ती काळी चिमणी, पहिला तास तर अक्षरशः गोड आहे, आणि मग ती डुक्कर पकडायची धावपळ. त्यातली एकच फ्रेम सांगतो. मेलेलं डुक्कर बांबूला उलटं टांगून जब्याच्या घरचे निघालेत आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा रंगवलेत. म्युझिक वाढत नाही, कुणी भाषण देत नाही, ते नुसते समोरून चालत जातात. नागराजने तिथे आपल्याला काही सांगायचा प्रयत्नच केलेला नाही आणि म्हणूनच ते सगळ्यात जास्त लागतं. आणि शेवटचा दगड सरळ प्रेक्षकाच्या अंगावर येतो, त्याबद्दल वेगळं काय बोलणार.

'नटसम्राट' माझ्या लिस्टमध्ये नाही. नाना ग्रेट, पण दर दहा मिनिटांनी रडवायचं ठरवूनच बसलेला पिक्चर दुसऱ्यांदा झेपत नाही, आणि मुळात नाटक म्हणून तो आधीच अमर आहे. 'बाईपण भारी देवा'ला आईच्या भिशीचा अख्खा ग्रुप साड्या नेसून, गॉगल लावून गेला होता, तो दिवस त्या अजून काढतात. पिक्चरमध्ये काय होतं विचारलं तर फारसं कुणाला आठवत नाही.

हलक्याफुलक्यात एकच नाव, परेश मोकाशीचा 'वाळवी'. नवरा आणि त्याची मैत्रीण मिळून बायकोचा काटा काढायचा प्लॅन करतात आणि तिथून जी वाट लागत जाते ती लागतच जाते. फालतू गाणं नाही, उगाच हाणामारी नाही. थ्रिलर एकदा बघून संपतो म्हणतात पण हा परत बघताना जास्त हसू येतं, कारण कोण कुठे फसणार हे आपल्याला माहीत असतं आणि त्या बिचाऱ्यांना नसतं. पाहुणे आले की लावायचा पिक्चर म्हणून 'बनवाबनवी'च्या गादीवर बसला तर हाच बसेल.

अगदी नव्यातला म्हणाल तर 'स्थळ'. चंद्रपूरकडचं गाव, कापसाला भाव नाही, आणि सविताला बघायला पाहुणे येतात, परत येतात, परत येतात. तेच पोहे, तेच स्टूल, तेच प्रश्न, नाव काय, उंची किती, छंद काय. जयंत सोमलकरने ते मुद्दाम रिपीट केलंय, पहिल्यांदा हसू येतं, तिसऱ्यांदा पोटात गोळा येतो. सगळे नवखे कलाकार, अस्सल वऱ्हाडी बोली, कुठेच पुण्याचा वास नाही. आमच्याकडे एका मल्टिप्लेक्सला याचा एकच शो, तोही दुपारी एकचा. ज्या मुलींनी बघायला पाहिजे त्या तेव्हा कॉलेजात नाहीतर ऑफिसात, मग हॉलमध्ये आम्ही रिटायर्ड मंडळी आणि एसी.

खरी भीती हीच आहे. टिकायला पिक्चर आधी मिळायला तर पाहिजे! 'बनवाबनवी'ला टीव्हीने सांभाळलं, आताचे पिक्चर आज या ओटीटीवर, उद्या करार संपला की गायब. 'किल्ला' मला भाचीला दाखवायचा होता, कोकणातला पाऊस, बापाविना पोरगं, नोकरीच्या बदलीने त्रासलेली आई, मित्र त्याला किल्ल्यावर एकटं सोडून जातात तो सीन, सगळं तिला रंगवून सांगितलं आणि मग शोधत बसलो.

'साबर बोंडं'बद्दल आत्ताच बोलणं घाईचं होईल, 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलला जागतिक सिनेमा विभागात ज्युरीचं सर्वोच्च बक्षीस घेऊन आलाय. बाप गेल्यावर दहा दिवसांसाठी मुंबईहून गावी आलेला मुलगा, लग्न कधी करतोस म्हणून मागे लागलेले नातेवाईक, आणि लहानपणीचा मित्र बाल्या, ज्याच्यावर त्याचा जीव जडतो. त्यातल्या आईसाठी मी परत बघणार हे नक्की, तिला पोराबद्दल सगळं ठाऊक आहे आणि ती चारचौघांत त्याला सांभाळून घेते. ओटीटीवर सापडला तर घरच्यांबरोबर बसून बघा, मधे एक-दोनदा सगळे गप्प होतील, होऊ द्या.