ट्रेनर विमानाच्या नावाखाली 18,040 रुपये गेले

ट्रेनर म्हणजे नवशिक्यांचं, रिमोटवर उडणारं छोटं विमान. जाहिरात बघून घ्यायला गेलो आणि विकणाऱ्याने पैसे उकळले: आधी 6,500 'बुकिंग'चे, मग 8,000 'कुरिअरला टाकण्याआधी', आणि शेवटी 3,540 'परवाना फी'. एकूण 18,040. घरी मी 6,500च सांगितलेत, त्यावरही जे ऐकून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी काही बावळट नाही. ओटीपी कोणाला देत नाही, केवायसीवाल्यांना शिव्या घालून फोन ठेवतो. पण या हरामखोराला विमानातलं कळत होतं. "काका, पहिलं विमान हाय-विंगच घ्या, पंख वर असला की आपोआप सावरतं. आधी सिम्युलेटरवर हात बसवा. वारा असेल तर घरीच बसा." एक शब्द चुकीचा नाही. नवख्या माणसाने विश्वास ठेवायचा तरी कशावर? फोमचं ट्रेनर, सहा चॅनेलचा रिमोट, ब्रशलेस मोटर, 30 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा), 2200 एमएएचची थ्री-एस, म्हणजे तीन सेलची, लिपो बॅटरी आणि चार्जर, सगळं मिळून 14,500. भाव फार स्वस्तही नाही, म्हणून तर संशय आला नाही.

आता ती बॅटरी. तिच्या फोटोत पांढऱ्या बॅलन्स कनेक्टरला (चार्ज करताना सगळे सेल सारखे ठेवणारा) तीन तारा होत्या. मी विचारलंसुद्धा! म्हणाला, "काका, तीन सेल, तीन तारा. सोपं गणित आहे." आणि मी, ज्याने आयुष्यभर घरगुती वायरिंगची कामं केली तो मी, हो म्हणालो. थ्री-एसला चार तारा असतात. तीन सेल एकापुढे एक जोडले की टोकं चार होतात, एवढं पोरालाही कळेल. तीन तारांची म्हणजे टू-एस, दोन सेलची, 7.4 व्होल्टची. फोटोच कुठून तरी उचललेला. प्रश्न योग्य विचारून उत्तर गिळलं, हे रात्री झोपू देत नाही.

यूपीआयवर पैसे पाठवताना दर वेळी वेगळं नाव यायचं. "वहिनीचं खातं आहे." पैसे पाठवायच्या आधी स्क्रीनवरचं नाव वाचा, वहिनी असो की आत्या.

परवान्याचं तर ऐकाच. "डीजीसीएचा पायलट परवाना नसेल तर पोलीस विमान जप्त करतात." डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी खातं. 3,000 अधिक 18 टक्के जीएसटी, वर सिंहांची राजमुद्रा असलेली पावती. 2021च्या ड्रोन नियमांत 2 किलोपर्यंतचं विमान हौसेखातर उडवायला पायलट परवाना लागतच नाही. नोंदणी क्रमांकाची फी 100 रुपये, ती सरकारी पोर्टलवर आपली आपण भरायची. हे मला कोण सांगणार होतं? पैसे गेले, दुसऱ्या दिवशी फोन बंद.

पोलीस ठाण्यात हवालदार आधी हसला. "या वयात खेळण्यातलं विमान?" मग म्हणे हा दिवाणी मामला, वस्तू दिली नाही एवढंच. सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, तुमच्याच ठाण्यात द्या. ठाण्यात परत, तर साहेब बंदोबस्ताला. चॅटच्या प्रिंट काढून आणा, त्यावर सही करा, आता बँकेचं स्टेटमेंट आणा, त्यावर बँकेचा शिक्का आणा. बँकेतली बाई मान वर न करता म्हणाली, "पिन तुम्हीच टाकलाय ना?" मग काय, दरोडेखोराने येऊन टाकायला हवा होता? एकाने तर मलाच दम दिला की ते विमान कोणाच्या डोक्यात पडलं असतं तर गुन्हा तुमच्यावर. अहो, विमान आलंच कुठे!

पैसे गेल्या गेल्या 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, तेव्हाच. माझ्यासारखं 'कुरिअर उशिरा येत असेल' म्हणत बसू नका. सेकंडहँड सेट घेताना व्हिडिओ कॉल लावा, पुढचा पंखा (प्रोपेलर) काढून मोटर फिरवायला सांगा, रिमोटची काडी हलवली की एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या, हलतात का बघा. कारणं सांगायला लागला की फोन ठेवा. फुगलेली लिपो फुकट मिळाली तरी नको. आणि जवळपास कोणी उडवत असेल तर आधी मैदानावर जाऊन उभे राहा, ती माणसं आपण होऊन सगळं सांगतात. मला हे नंतर कळलं.

तीच जाहिरात आता 13,900 ला पुन्हा आलीय, नंबर नवा. पिवळे पंख, शेपटीवर निळा पट्टा. कोणी दाखवलं तर एक रुपयाही पाठवू नका, नंबर मात्र लिहून ठेवा, तक्रारीला जोडायचा आहे.