बिल्ला १९५१चा, मशीन त्याआधीचं

ज्या शिवणमशीनवरून माझी फसवणूक झाली, त्याचा जवळपास प्रत्येक भाग अस्सल होता. म्हणूनच हे लिहितेय. नकली माल ओळखायला आपण हळूहळू शिकतो. पण अस्सल भाग इकडून तिकडून जमवून खोटी वस्तू उभी केली, तर नेहमीची पारख कामाला येत नाही, कारण ज्या भागाकडे बघावं तो खराच निघतो.

जाहिरात सिंगर २२१ची होती, म्हणजे सगळे ज्याला फेदरवेट म्हणतात त्या छोट्या मशीनची. १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हे मशीन पहिल्यांदा लोकांपुढे आलं. अंग ॲल्युमिनियमचं ओतीव, वजन पाच किलोच्या आसपास, डावीकडची पाटी वर दुमडली की सगळं एका काळ्या पेटीत मावतं. घालतं फक्त सरळ टीप, पण इतकी नेटकी की तुकडे जोडून क्विल्ट शिवणारी मंडळी आजही नव्या मशीनपेक्षा याच्यावर जीव टाकतात. त्यामुळे मागणी कायम असते, आणि मागणी आली की तिच्यामागे कारागिरी आलीच, चांगली आणि वाईट दोन्ही.

त्यातून हे साधं फेदरवेट नव्हतं. विकणाऱ्याच्या शब्दांत ते ‘शताब्दी मशीन’ होतं. आयझॅक सिंगरला त्याच्या यंत्राचं पेटंट १८५१ साली मिळालं. त्याला शंभर वर्षं होत असताना कंपनीने नेहमीच्या बिल्ल्याऐवजी निळ्या काठाचा एक खास बिल्ला मशीनवर लावला. त्याच्या कडेने शिवणसेवेच्या शतकाचा उल्लेख आणि १८५१–१९५१ हे आकडे असतात. मशीन आतून तेच, टीप तीच. फरक फक्त त्या बिल्ल्याचा, आणि त्या बिल्ल्यापायी लोक बरेच जास्त पैसे मोजतात. खरं तर हा बिल्ला काही फार दुर्मीळ नाही. एकाच नव्हे, अनेक मॉडेलांवर तो लागला होता. पण आकडा गोल असला की माणूस भुलतो, आणि विकणाऱ्याला ते आपल्याआधी माहीत असतं.

फोटो सुरेख होते. बिल्ल्याचा जवळून फोटो, पेटीचा, जोडीला आलेल्या, कापड दाबून धरणाऱ्या पायांचा, आणि मी मागितल्यावर क्रमांकाचाही. इथे थोडं थांबून सांगते. सिंगरच्या बऱ्याच घरगुती मशीनवर क्रमांक वरच, ज्या सपाट भागावर कापड सरकतं त्या बेडवर, उभ्या खांबाजवळ ठोकलेला असतो. फेदरवेटचा मात्र तळाला असतो, मशीन उलटं केल्याशिवाय दिसत नाही. म्हणजे बिल्ला आणि क्रमांक एका फोटोत कधीच येत नाहीत. माझ्याकडे आलेल्या फोटोत क्रमांक ‘एके’ अक्षरांनी सुरू होत होता. ती मालिका १९५१च्या सुमाराची, शताब्दी बिल्ल्याशी अगदी जुळणारी. विकणारा बोलायलाही मिठ्ठास. “ताई, घ्यायचं नसेल तरी बघून ठेवा, असं परत दिसायचं नाही.” दुसरं गिऱ्हाईक दाराशी उभं आहे, हेही त्याने अधूनमधून ऐकवलं. अर्धी रक्कम थेट खात्यात आगाऊ दिली तर किमतीत सूट मिळेल म्हणाला. उरलेली मी कार्डाने भरली, आणि पुढे तेच उपयोगी पडलं.

खोकं उघडताना मी सलग चित्रीकरण करते. सवय आहे, कारण ओतीव अंगाची जुनी मशीनं वाटेत तडकतात आणि मग दोष कुणाचा यावर वाद होतात. मशीन बाहेर काढलं, उलटं केलं, तर तळाचा क्रमांक ‘एएफ’ने सुरू होणारा. ही मालिका साधारण १९३८ ते १९४१ची. शंभरीच्या बिल्ल्याच्या दहा-बारा वर्षं आधीची.

मग बारकाईने बघत गेले. डाव्या टोकाला सुईच्या दांड्यावर जी चकचकीत फेसप्लेट असते, ती दुसऱ्या महायुद्धाआधीच्या फेदरवेटवर वेलबुट्टीची असते. युद्धानंतर तिच्या जागी सरळ उभ्या रेघांची आली. माझ्या मशीनवर रेघांची होती. म्हणजे नुसता बिल्ला बदलून भागणार नाही, हे करणाऱ्याला ठाऊक होतं. फेसप्लेट स्क्रूवर बसते, बदलायला काहीच लागत नाही. बिल्ला मात्र बारीक रिव्हेटने पक्का केलेला असतो आणि तो उचकटताना रंगाला इजा होतेच. भिंगातून पाहिलं तर कडेने काळ्या रंगाचे टवके उडालेले आणि त्यांवर काळ्या मार्करने सारवासारव केलेली. एक रिव्हेट गायब, तिथे गोंद. बिल्ला स्वतः जुनाच वाटला. बहुधा मोडीत निघालेल्या दुसऱ्या एखाद्या २२१चा असावा. फेसप्लेट खरी, बिल्ला खरा, मशीन खरं, आणि सगळं मिळून सांगत होतं ते खोटं.

चीड आणणारी गोष्ट ही की १९३८–४१चं, वेलबुट्टीच्या फेसप्लेटचं फेदरवेट मुळात काही कमअस्सल नव्हे. ती प्लेट आवडणारे कितीतरी आहेत. त्या माणसाने एका चांगल्या जुन्या मशीनची ओळख पुसली, वर त्याला वयाने लहान केलं. जुन्या वस्तूंच्या बाजारात बनवाबनवी सहसा उलट दिशेने चालते.

मी कळवलं तेव्हा पहिलं उत्तर आलं की क्रमांकांच्या याद्या चुकीच्या असतात. यात अर्धं सत्य आहे आणि तेच घातक. सिंगरच्या याद्यांमधली तारीख मशीन बनल्याची नसते, क्रमांकांचा गठ्ठा कारखान्याला नेमून दिल्याची असते. प्रत्यक्ष मशीन त्यानंतर काही काळाने बाहेर पडू शकतं. त्यामुळे थोडाफार फरक मान्य. दहा वर्षांचा नाही. दुसरं उत्तर आलं की कंपनीनेच जुन्या अंगावर नवा बिल्ला लावून दिला असेल. गोंदाने आणि मार्करने? यावर तो चिडला आणि तिसरं उत्तर आलं: मशीन तुम्हीच बदललंत. त्याच्या फोटोत ‘एके’, माझ्या हातात ‘एएफ’, म्हणजे लबाडी माझीच. इथे ते सलग चित्रीकरण पुढे केलं. खोक्यावरची चिकटपट्टी कापण्यापासून तळाच्या क्रमांकापर्यंत कुठेही न तुटलेलं. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं. कार्डाची रक्कम तक्रार केल्यावर परत मिळाली. थेट खात्यात गेलेली आगाऊ रक्कम गेली ती गेलीच.

आता मी विकणाऱ्याकडे फोटो मागतच नाही. एकच सलग व्हिडिओ मागते: बिल्ल्यापासून सुरुवात, मग न थांबता मशीन उलटं करायचं, क्रमांक वाचता येईल असा दाखवायचा, परत सरळ करून चाक हाताने फिरवायचं. ज्याची वस्तू खरी आहे त्याला यात काही जड नाही. जो म्हणतो “नेटवर्क नाही, फोटोच घ्या”, त्याला नमस्कार. आणि एक लोहचुंबक जवळ ठेवते. फेदरवेटच्या अंगाला चुंबक चिकटत नाही, कारण ते ॲल्युमिनियम आहे. एखाद्या बिडाच्या लहान मशीनला ‘फेदरवेटसारखंच’ म्हणून विकणाऱ्यांचं बोलणं तिथेच संपतं.

रंगाबद्दलही सांगायला हवं. फेदरवेट कारखान्यातून निघालं ते मुख्यतः काळं. पुढे फिकट पांढरट आणि बदामी छटेतही आलं. लाल, गुलाबी, जांभळं फेदरवेट दिसलं तर ते कुणीतरी नंतर रंगवलेलं आहे. रंगवायला माझी हरकत नाही, काही जण फार सुंदर रंगवतात. पण त्याला ‘कारखान्याचा दुर्मीळ रंग’ म्हणून विकणं ही सरळ चोरी. तसंच सोनेरी वेलबुट्टीचं. कापड सरकून सरकून बेडच्या पुढच्या कडेची नक्षी आधी झिजते, खांबावरची टिकते. सुईखालची पट्टी सुयांच्या ओरखड्यांनी भरलेली आणि तिच्या शेजारची नक्षी मात्र कालच छापल्यासारखी, असं दिसलं की नखाने कड हलकेच चाचपा. नवी विनाइलची नक्षी असेल तर कड लागते. मात्र तपासायला स्पिरिट किंवा अल्कोहोल चुकूनही लावू नका. जुन्या काळ्या मशीनवर शेलॅकचं, म्हणजे लाखेच्या रोगणाचं आवरण असतं, ते अल्कोहोलने विरघळतं आणि खरी नक्षी तुमच्या हातानेच जाते.

‘औद्योगिक ताकदीचं, चामडं शिवतं’ हे जाहिरातवाक्य तर इतकं जुनं झालंय की त्यावर रागही येत नाही. सिंगरचं घरगुती १५ किंवा ६६ मॉडेल दणकट असतं, जीनचे चार पदर शिवेलही, पण त्याने ते औद्योगिक होत नाही. चामड्याच्या दुरुस्तीला सिंगरचंच २९ मॉडेल होतं, त्याची बांधणीच निराळी. शिवाय युद्धानंतर जपानमध्ये १५ मॉडेलच्या नकला ढिगाने बनल्या, असंख्य नावांनी. त्यांतल्या कित्येक उत्तम चालतात. त्या नकला म्हणून घ्याव्यात, सिंगर म्हणून नव्हे.

मशीनबरोबरच्या लहानसहान वस्तूंत फसवणूक आणखी सोपी असते. टेबलाच्या कडेला अडकवून कापड चोचीत धरणारा पितळी पक्षी माहीत असेल. चार्ल्स वॉटरमन या अमेरिकी माणसाने १८५३ साली त्याचं पेटंट घेतलं, आणि ती तारीख पक्ष्यावर कोरलेली असते. नंतरच्या नकलांवरही तीच तारीख असते. विकणारा बोट ठेवून दाखवतो, “बघा, १८५३!” पेटंटची तारीख म्हणजे वस्तू बनल्याची तारीख नव्हे. मशीनच्या बेडवरच्या सरकत्या झाकणपट्ट्यांवरही अशा पेटंटच्या तारखांची रांग असते आणि तिथेही हाच खेळ चालतो. हस्तिदंती म्हणून दाखवलेली सुयांची नळकांडी बहुतेकदा हाडाची निघतात. भिंगातून हाडात बारीक काळसर ठिपके आणि रेघोट्या दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी असते. अर्थात खरा हस्तिदंत निघाला तर त्याच्या खरेदी-विक्रीवर कायद्याचे कडक निर्बंध आहेत, म्हणजे ‘अस्सल’ निघणं हीच पंचाईत.

आणि लाल पारा. तुम्ही विकायला बसलात तर हे भूत दाराशी येईल. सौदी अरेबियात २००९ साली अफवा पसरली की जुन्या सिंगर मशीनमध्ये लाल पारा नावाचा अनमोल पदार्थ असतो आणि मोबाईल सुईजवळ नेल्यावर फोन कटला तर तो आहे असं समजावं. मोडकी मशीनं भलत्या किमतीला गेली, शेवटी पोलिसांना ही लबाडी असल्याचं जाहीर करावं लागलं. असा कुठला पदार्थ नाहीच. आणि सुई! शिवणाऱ्या कुणालाही विचारा, सुई ही मशीनमधली सगळ्यात स्वस्त, दर थोड्या दिवसांनी मोडणारी आणि बदलली जाणारी वस्तू. शंभर वर्षांपूर्वीचा खजिना तिच्यात कोण ठेवेल? तरीही मला अशा माणसाचा फोन आला होता. मशीन घसघशीत किमतीला घेतो म्हणाला, फक्त त्याआधी ‘तपासणी’साठी काही रक्कम मीच पाठवायची होती. घेणाराच पैसे मागतो म्हटल्यावर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. फोन ठेवला, नंबर अडवला.

माझ्या ‘एएफ’ मशीनचं म्हणाल तर ते मी ठेवून घेतलं. कार्डाचे पैसे परत आल्यावर मशीन परत पाठवायला तयार होते, पण तो पत्ताच देईना. आतल्या तारांवरचं रबर वाळून तडकलं होतं, ते बदलून घेतलं. मोटरला फेदरवेटसाठीचं ग्रीस लावलं. मोटरला तेल घालू नका, ती बिघडते. प्लग लावण्याआधी व्होल्टेजची पट्टीही वाचा, ११० व्होल्टचं मशीन २२० वर लावलं की मोटर गेलीच. गोंदाचा बिल्ला काढून ठेवलाय. वेलबुट्टीची फेसप्लेट शोधतेय, मिळाली की रेघांची उतरवेन.

ही जाहिरात पुन्हा वर आली आहे. दुसरं नाव, तोच मजकूर, तेच फोटो. शताब्दी बिल्ल्याचं फेदरवेट, पेटीच्या झाकणावर उजव्या कोपऱ्याजवळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा ओरखडा, क्रमांकाच्या फोटोत ‘एके’ आणि मागे तपकिरी चटई. तुमच्यासमोर आली तर सलग व्हिडिओ मागा, आणि आगाऊ रक्कम थेट खात्यात मागितली तर नाही म्हणा.